इंग्रजी पॅसिव्हमध्ये प्रिपोझिशन गळतं: कारण आणि उपाय

‘युवर कंप्लेंट इज बीइंग लुक्ड.’

हे वाक्य पुण्यात मला सतत भेटतं. हिंजवडीच्या सपोर्ट टीमने पाठवलेल्या मेलमध्ये, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सोडवलेल्या सराव पेपरात. लिहिणाऱ्याचा अभ्यास कच्चा नसतो. काळ बरोबर असतो, ‘बीइंग’ जागच्या जागी असतं, क्रियापदाचा थर्ड फॉर्मही बरोबर. तरी वाक्य अर्धवट राहतं, कारण ‘लुक्ड’च्या पुढे ‘इंटू’ हवं होतं आणि ते गळलं.

मी संध्याकाळच्या बॅचला नोकरी करणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. इतर चुका एकदा समजावल्या की बऱ्याचशा सुटतात. ही सुटत नाही. आज लाल पेनाने ‘इंटू’ लिहून दिलं की पुढच्या आठवड्यात ‘लाफ्ड’च्या पुढचं ‘ॲट’ गायब होतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘सेंट’च्या पुढचं ‘फॉर’. प्रत्येक वेळी वेगळं वाक्य दुरुस्त होतं आणि मुळातलं कारण तसंच राहतं. ते कारण आपल्या मराठीत आहे, आणि ते एकदा नीट दिसलं की चूक स्वतःची स्वतःला पकडता येते.

आधी लिपीची एक सोय. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत जे मराठीत आपण सरसकट ‘ऑफ’ असे लिहितो. इथे ‘चा, ची, चे’ अर्थाचा शब्द ‘ऑव्ह’ असा लिहिला आहे आणि ‘बंद, दूर, रद्द’ अर्थाचा ‘ऑफ’ असा.

मूळ कुठे आहे

मराठीत ‘कडे’, ‘वर’, ‘मध्ये’, ‘साठी’ ही शब्दयोगी अव्ययं नामाला जोडून येतात. ‘तक्रारीकडे’, ‘माझ्यावर’, ‘डॉक्टरांसाठी’. लिहितानाही मध्ये जागा सोडत नाही. आता वाक्य कर्मणीत, म्हणजे पॅसिव्हमध्ये, फिरवा: ‘अधिकारी तक्रारीकडे लक्ष देतायत’ याचं होतं ‘तक्रारीकडे लक्ष दिलं जातंय’. पाहा, ‘कडे’ जागचं हललं नाही. तक्रार वाक्याच्या सुरुवातीला आली तरी ती ‘कडे’सकट आली. आणि ती कर्ता झालीच नाही.

इंग्रजीत नेमकं उलट होतं. ‘दे आर लुकिंग इंटू युवर कंप्लेंट’ हे कर्तरी वाक्य. पॅसिव्ह करताना ‘युवर कंप्लेंट’ पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसते, आणि त्या जागी बसताना तिला प्रिपोझिशन, म्हणजे इथला ‘इंटू’, सोबत नेता येत नाही. ‘इंटू युवर कंप्लेंट इज बीइंग लुक्ड’ असं इंग्रजीत होत नाही. मग ‘इंटू’ कुठे जातं? कुठेच नाही. ते क्रियापदाजवळ होतं तिथेच थांबतं: ‘युवर कंप्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू.’

मराठी डोकं इथे फसतं. आपल्या सवयीने अव्यय नामाचं असतं, त्यामुळे नाम उठून गेलं की त्याचं अव्ययही गेलं असं आपण धरून चालतो. इंग्रजीच्या या क्रियापदांत प्रिपोझिशन शर्टाच्या बटणासारखं क्रियापदाला शिवलेलं असतं. नाम गेलं तरी ते राहतं.

म्हणून वहीत क्रियापद कधीही एकटं लिहू नका. ‘लुक-इंटू’, ‘लुक-आफ्टर’, ‘लाफ-ॲट’, ‘सेंड-फॉर’, ‘डील-विथ’, ‘रिलाय-ऑन’, ‘लिसन-टू’ अशी जोडी मध्ये आडवी रेघ देऊन लिहा, आणि थर्ड फॉर्मही जोडीनेच: ‘लुक्ड-इंटू’, ‘सेंट-फॉर’, ‘डेल्ट-विथ’. नुसते ‘लुक, लुक्ड, लुक्ड’ असे तक्ते पाठ करणाऱ्यांचंच प्रिपोझिशन सर्वांत जास्त गळतं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. तक्ता चुकीचा नसतो, पण त्यात प्रिपोझिशनचा रकानाच नसतो.

वाक्य लिहून झालं की उलटी तपासणी करा. ‘द डॉक्टर वॉज सेंट’ असं लिहिलंत, तर ते मनात कर्तरी करा: ‘दे सेंट द डॉक्टर.’ याचा अर्थ त्यांनी डॉक्टरांना कुठेतरी पाठवलं. तुम्हाला म्हणायचं होतं डॉक्टरांना बोलावणं धाडलं, म्हणजे ‘दे सेंट फॉर द डॉक्टर’. तर पॅसिव्ह ‘द डॉक्टर वॉज सेंट फॉर’. पॅसिव्ह वाक्य कर्तरीत परत आणून अर्थ जुळतो का पाहणं, ही एक तपासणी बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

काही जण प्रिपोझिशन विसरत नाहीत, मुद्दाम काढतात. ‘वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ द्यायचं नाही’ असं त्यांना शाळेत बजावलेलं असतं. हा आक्षेप फार जुना आहे. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांवर तो घेतला होता, आणि तिथून तो व्याकरणाच्या पुस्तकांत पसरत आपल्या शाळांपर्यंत पोचला. पण ‘टू हूम डिड यू स्पीक’ आणि ‘हू डिड यू स्पीक टू’ यांत निवड करता येते, तशी पॅसिव्हमध्ये निवडच नसते. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ मधलं ‘ॲट’ हलवायला दुसरी जागा नाही. ते शेवटीच येणार, आणि ते बरोबर आहे.

‘बाय’ आलं की दोन प्रिपोझिशनं शेजारी

‘द बेबी इज लुक्ड आफ्टर बाय हिज ग्रँडमदर.’ इथे ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ एकमेकांना खेटून आले आहेत. विद्यार्थी इथे घाबरतात आणि एक काढून टाकतात, बहुतेक वेळा ‘आफ्टर’. दोन प्रिपोझिशनं शेजारी दिसली की काहीतरी चुकलं असं वाटतं. चुकलेलं नसतं. दोघांची कामं वेगळी आहेत: ‘आफ्टर’ क्रियापदाचं, ‘बाय’ आजीचं. वाचताना ‘लुक्ड आफ्टर’ एका दमात म्हणा, क्षणभर थांबा, मग ‘बाय हिज ग्रँडमदर’. मोठ्याने वाचलं की भीती जाते.

‘बीइंग’ आणि ‘बीन’

कंटिन्यूअस पॅसिव्हची रचना एकच आहे: ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ किंवा ‘वॉज’, ‘वेअर’, मग ‘बीइंग’, मग थर्ड फॉर्म आणि त्याला शिवलेलं प्रिपोझिशन. ‘द मॅटर वॉज बीइंग लुक्ड इंटू.’ यात तीन ठिकाणी गळती होते.

पहिली, ‘इज बीन’. ‘द इशू इज बीन लुक्ड इंटू’ असं वाक्य मी मेलमध्ये इतकं पाहिलंय की लोकांना आता तेच बरोबर वाटू लागलंय. ‘बीन’ येतं ते ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ यांच्यानंतर. ‘इज’नंतर ‘बीइंग’. बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात, कारण घाईत आपण ‘बीइंग’चा शेवट गिळतो. बोलताना तो शेवट मुद्दाम उच्चारा, लिहिताना आपोआप सुधारतं.

दुसरी, ‘बीइंग’ गाळून सरळ ‘लुकिंग’ लिहिणं. ‘युवर कंप्लेंट इज लुकिंग इंटू’ म्हणजे तक्रार स्वतःच कशाची तरी चौकशी करते आहे. तिसरी, थर्ड फॉर्मऐवजी मूळ रूप: ‘इज बीइंग लुक इंटू’. ही फक्त घाईची चूक आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

पण ‘बीइंग’ मराठी माणसाला मुळात सुचतच नाही, याचं कारण वेगळं आहे. पुण्यात गल्लीत खोदकाम सुरू झालं की आपण म्हणतो, ‘रस्ता खोदतायत.’ कोण खोदतंय? कर्ता सांगितलाच नाही. महापालिका, टेलिफोनवाले, पाणीपुरवठ्याचे लोक, कुणीही असेल. मराठीत कर्ता न सांगता क्रियापद अनेकवचनात ठेवलं की काम भागतं. ‘गाडी दुरुस्त करतायत’, ‘आत कुणाला तरी बोलावतायत’, ‘पाणी सोडतायत’. ‘रस्ता खोदला जात आहे’ हे वर्तमानपत्रात छापलेलं चालतं, चहाच्या टपरीवर कुणी बोलत नाही.

इंग्रजीत हे काम कंटिन्यूअस पॅसिव्ह करतं. ‘द रोड इज बीइंग डग अप.’ म्हणून डोक्यात ‘खोदतायत, करतायत, बघतायत’ असं बिनकर्त्याचं वाक्य आलं, की तिथे इंग्रजीत ‘बीइंग’ लागण्याची शक्यता मोठी आहे. विद्यार्थ्यांना मी ही खूण सर्वांत आधी देते. ‘तायत’ ऐकू आलं, कर्ता सांगितलेला नाही, तर ‘बीइंग’ आठवा. ‘बघतायत’ म्हणजे ‘इज बीइंग लुक्ड इंटू’. ‘त्याला शोधतायत’ म्हणजे ‘ही इज बीइंग लुक्ड फॉर’. ‘पेशंटकडे बघतायत’ म्हणजे ‘द पेशंट इज बीइंग अटेंडेड टू’.

‘डग अप’ मधलं ‘अप’ हे काटेकोरपणे प्रिपोझिशन नव्हे. ‘डिग इट अप’ असं मध्ये ‘इट’ घालता येतं, ‘लुक इट इंटू’ असं घालता येत नाही. हा त्यांच्यातला फरक. पॅसिव्हमध्ये मात्र दोन्ही प्रकार सारखेच वागतात, दोन्ही क्रियापदापाशीच राहतात. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत ‘वॉज बर्न्ट डाउन’. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून ‘वॉज ब्रॉट डाउन’. पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ ला नदीकाठची घरं ‘वेअर वॉश्ड अवे’. या वाक्यांतून ‘डाउन’ किंवा ‘अवे’ काढून पाहा. ‘द हाउसेस वेअर वॉश्ड’ म्हणजे घरं धुतली.

तीन शब्दांची क्रियापदंही तशीच, फक्त दोन बटणं सांभाळायची: ‘द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ’, ‘ही वॉज लुक्ड डाउन अपॉन’.

‘सोमवारपासून बघतायत’

हा फास वेगळा आहे आणि चांगल्या चांगल्यांना अडकवतो. मराठीत ‘सोमवारपासून तक्रार बघतायत’ हे साधं वर्तमानकाळातलं वाक्य. त्यावरून लिहिलं जातं, ‘द कंप्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू सिन्स मंडे.’ प्रिपोझिशन आहे, ‘बीइंग’ आहे, तरी चूक. कारण ‘सिन्स’ आलं की इंग्रजीला ‘हॅज बीन’ लागतं.

मग नियमाने जावं तर ‘हॅज बीन बीइंग लुक्ड इंटू’ असं होतं. व्याकरणात ते बसतं, पण ‘बीन बीइंग’ इंग्रजांनाही जड जातं आणि ते टाळतात. तुम्हीही टाळा. इथे पॅसिव्हचा हट्ट सोडून सरळ कर्तरी लिहावं: ‘वी हॅव बीन लुकिंग इंटू द कंप्लेंट सिन्स मंडे.’ ‘आम्ही’ म्हणायचं नसेल तर ‘द कंप्लेंट हॅज बीन अंडर रिव्ह्यू सिन्स मंडे.’ प्रत्यक्षात कंटिन्यूअस पॅसिव्ह दोनच काळांत वापरतात, चालू वर्तमान आणि चालू भूत. भविष्यासाठी साधं ‘विल बी लुक्ड इंटू’ पुरतं.

एक प्रिपोझिशन, दोन अर्थ

ज्यांना वाटतं की प्रिपोझिशन गळलं तरी अर्थ कळतोच, त्यांच्यासाठी पुण्याच्याच इतिहासातली दोन वाक्यं.

२२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि त्याच्याबरोबरचा लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. इंग्रजीत: ‘रँड वॉज शॉट.’ २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई इलाख्याचा हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला. इंग्रजीत: ‘हॉटसन वॉज शॉट ॲट.’ ‘शूट’ म्हणजे गोळी घालणं, लागलेली. ‘शूट ॲट’ म्हणजे गोळी झाडणं. लागली की नाही ते त्यात सांगितलेलं नाही. इतिहासाच्या पेपरात ‘ॲट’ विसरलात तर हॉटसनला गोळी लागली असं तुम्ही लिहिलंत.

अशा जोड्या बऱ्याच आहेत, आणि त्या नेमक्या पॅसिव्हमध्ये घात करतात. ‘द बॉय वॉज सर्च्ड’ म्हणजे मुलाची झडती घेतली, त्याचे खिसे तपासले. ‘द बॉय वॉज सर्च्ड फॉर’ म्हणजे मुलाचा शोध घेतला. हरवलेल्या मुलाबद्दल पहिलं वाक्य लिहिलं तर वाचणाऱ्याला मुलावर चोरीचा संशय होता असं वाटेल. ‘द मीटिंग वॉज अटेंडेड बाय एव्हरीवन’ म्हणजे सभेला सगळे हजर होते. ‘द पेशंट वॉज अटेंडेड टू’ म्हणजे पेशंटकडे लक्ष दिलं गेलं. बिलाचं ‘द बिल हॅज बीन पेड’, पण चहाचं ‘द टी हॅज बीन पेड फॉर’, कारण पैसे बिल भागवण्याला दिले आणि चहाच्या बदल्यात दिले. अमृततुल्यवाल्याचं मात्र परत ‘ही हॅज बीन पेड’, कारण पैसे त्याच्या हातात गेले. पत्राला उत्तर दिलं असेल तर ‘द लेटर वॉज आन्सर्ड’ किंवा ‘द लेटर वॉज रिप्लाइड टू’. दोन्ही बरोबर, पण ‘आन्सर्ड टू’ नाही आणि नुसतं ‘रिप्लाइड’ही नाही.

नको तिथे घातलेलं

उलटी चूकही मराठीतूनच येते. ‘विषयावर चर्चा केली’ यातलं ‘वर’ इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘डिस्कस ऑन’ होऊन उतरतं. ‘तिच्याशी लग्न केलं’ वरून ‘मॅरीड विथ हर’, ‘स्टेशनला पोचलो’ वरून ‘रीच्ड टू द स्टेशन’, ‘खोलीत शिरलो’ वरून ‘एंटर्ड इन द रूम’, ‘मुद्द्यावर भर दिला’ वरून ‘एम्फसाइज्ड ऑन’. ही सगळी क्रियापदं कर्म थेट घेतात, मध्ये काही लागत नाही. म्हणून पॅसिव्हही स्वच्छ होतं: ‘द इशू वॉज डिस्कस्ड’, ‘धिस पॉइंट वॉज एम्फसाइज्ड’. ‘कोप अप विथ’ मधलं ‘अप’ही असंच आगंतुक आहे, बरोबर रूप ‘कोप विथ’.

‘एंटर इंटू’ मात्र पूर्ण चूक नाही. खोलीत शिरताना ते नको, पण करार करताना हवं. ‘ॲन अग्रीमेंट वॉज एंटर्ड इंटू’ हे नोंदणीच्या कागदपत्रांत तुम्ही वाचलं असेल, आणि ते बरोबर आहे.

ज्यांचं पॅसिव्ह होत नाही

प्रिपोझिशन असलेलं प्रत्येक क्रियापद पॅसिव्ह होतंच असं नाही, आणि हा भाग क्लासमध्ये बहुतेक सुटतो. ‘वी अराइव्ह्ड ॲट स्वारगेट’ याचं ‘स्वारगेट वॉज अराइव्ह्ड ॲट’ होत नाही. पण ‘वी अराइव्ह्ड ॲट अ डिसिजन’ याचं ‘अ डिसिजन वॉज अराइव्ह्ड ॲट’ अगदी सर्रास होतं. क्रियापद तेच, प्रिपोझिशन तेच. फरक हा की तुम्ही पोचल्याने स्वारगेटला काही होत नाही. तुम्ही त्या जागी आलात इतकंच. निर्णय मात्र तुमच्या त्या क्रियेतून तयार होतो. ‘धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ चालतं, कारण गादी चुरगळलेली दिसते. ‘पुणे वॉज स्लेप्ट इन बाय मी’ चालत नाही, कारण माझ्या झोपेने पुण्यात काही बदललं नाही. क्रियेचा परिणाम त्या वस्तूवर होतो का, की ती फक्त जागा आहे, हा प्रश्न विचारा. नव्वद टक्के वेळा वगैरे आकडा मी देणार नाही, पण शंका आली की आधी हाच प्रश्न विचारावा असा माझा ठाम सल्ला आहे.

दुसरा गट ‘बिलॉन्ग टू’ आणि ‘कन्सिस्ट ऑव्ह’ यांचा. यांचं ना पॅसिव्ह होतं, ना कंटिन्यूअस. पण मराठीत ‘हा वाडा आमच्या मालकीचा आहे’, ‘निकाल त्यावर अवलंबून आहे’ असा ‘आहे’ येतो आणि तो इंग्रजीत ‘इज’ बनून घुसतो: ‘धिस वाडा इज बिलॉन्गिंग टू अस’, ‘द रिझल्ट इज डिपेंडिंग ऑन द इंटरव्ह्यू’. योग्य रूपं ‘बिलॉन्ग्ज टू’ आणि ‘डिपेंड्स ऑन’. ‘डिपेंड’ जरा वेगळं आहे. माणूस माणसावर विसंबून असेल तेव्हा ‘आय ॲम डिपेंडिंग ऑन यू’ चालतं, आणि ‘ही कॅन बी डिपेंडेड ऑन’ हे पॅसिव्हही होतं.

‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ याबद्दल एवढंच: ‘हॅपन’ला कर्मच नसतं, त्यामुळे ‘वॉज’ काढून टाका.

‘आय वॉज एक्स्प्लेन्ड’

ऑफिसातल्या बोलण्यात मला सर्वांत जास्त टोचणारं वाक्य हे आहे: ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड द प्रोसेस.’ त्याचं भावंड ‘आय वॉज सजेस्टेड टू अप्लाय’.

‘मला सांगितलं’, ‘मला दाखवलं’, ‘मला समजावलं’, ‘मला सुचवलं’. मराठीत चारही ठिकाणी एकच ‘मला’. इंग्रजीत हे दोन गट आहेत. ‘टेल’, ‘शो’, ‘गिव्ह’, ‘आस्क’ यांच्यानंतर माणूस थेट येतो: ‘दे टोल्ड मी’. म्हणून ‘आय वॉज टोल्ड’ बरोबर. ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘डिस्क्राइब’, ‘से’ यांच्यानंतर माणूस ‘टू’ घेऊन येतो: ‘दे एक्स्प्लेन्ड द प्रोसेस टू मी’. इथे पॅसिव्हमध्ये पुढे जाते ती प्रोसेस, मी नाही: ‘द प्रोसेस वॉज एक्स्प्लेन्ड टू मी.’ तसंच ‘इट वॉज सजेस्टेड टू मी दॅट आय अप्लाय.’

आता कुणी विचारेल, ‘लाफ ॲट’मध्येही प्रिपोझिशन होतंच, मग तिथे माणूस पुढे कसा आला? कारण तिथे ‘ॲट’नंतरच्या माणसाशिवाय दुसरं कर्म नव्हतं. ‘एक्स्प्लेन’ला स्वतःचं थेट कर्म आहे, आणि पुढे जाण्याचा मान त्याचा. ‘टू मी’ मागे राहतं.

‘बाय’ सगळीकडे नाही

पॅसिव्ह म्हटलं की ‘बाय’, हे शाळेत इतकं घोटलं जातं की ‘ही इज नोन बाय मी’ हातून लिहिलं जातंच. तो ‘नोन टू मी’. रस्ता चिखलाने ‘कव्हर्ड विथ मड’, पिशवी भाजीने ‘फिल्ड विथ व्हेजिटेबल्स’, मी कामावर ‘सॅटिस्फाइड विथ’, तिचं लग्न त्याच्याशी झालेलं असेल तर ‘मॅरीड टू’. करणारा माणूस किंवा शक्ती असेल तर ‘बाय’. नुसती वस्तू, अवस्था किंवा भावना असेल तर दुसरं काहीतरी.

प्रिपोझिशननंतर ‘बीइंग’

‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य पुण्यातून सुटणाऱ्या मेलमध्ये भरपूर असतं. इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘मीटिंग यू’. हे ज्याला कळलं त्याला पुढची पायरी सोपी जाते: प्रिपोझिशननंतर पॅसिव्ह आणायचं तर ‘बीइंग’ आणि थर्ड फॉर्म. ‘ही इज यूज्ड टू बीइंग आस्क्ड.’ आणि आता सगळं एकत्र: ‘शी इज अफ्रेड ऑव्ह बीइंग लाफ्ड ॲट.’ तिला हसतील याची भीती वाटते. ‘ऑव्ह’ हे ‘अफ्रेड’चं, ‘ॲट’ हे ‘लाफ’चं, मध्ये ‘बीइंग’. यातला एकही शब्द काढता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला हे वाक्य न अडखळता फोडून दाखवता येतं, त्याला मी पुढचा धडा देते.

सरावाला सहा वाक्यं

वाचताना उत्तर झाकून आधी स्वतः पॅसिव्ह करा.

‘द नर्स इज अटेंडिंग टू माय फादर.’ उत्तर: ‘माय फादर इज बीइंग अटेंडेड टू बाय द नर्स.’

‘समवन हॅज पेड फॉर द टी.’ उत्तर: ‘द टी हॅज बीन पेड फॉर.’ ‘बाय समवन’ लिहिण्याची गरज नाही.

‘दे वेअर डिस्कसिंग द बजेट.’ उत्तर: ‘द बजेट वॉज बीइंग डिस्कस्ड.’ ‘अबाउट’ घातलं असेल तर खोडा.

‘नोबडी हॅज स्लेप्ट इन धिस रूम सिन्स दिवाळी.’ उत्तर: ‘धिस रूम हॅज नॉट बीन स्लेप्ट इन सिन्स दिवाळी.’ ‘इन’ आणि ‘सिन्स’ शेजारी आले म्हणून ‘इन’ काढू नका.

‘लिसन टू मी.’ ‘चेंज द व्हॉइस’ असं विचारलं तर परीक्षेत ‘लेट मी बी लिसन्ड टू’ लिहा, ‘टू’सकट. बोलताना असं कुणी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

‘वी आर वेटिंग ॲट स्वारगेट.’ याचं पॅसिव्ह होत नाही. ‘स्वारगेट इज बीइंग वेटेड ॲट’ लिहिलं असेल तर वर स्वारगेटचाच परिच्छेद आहे तो पुन्हा वाचा. आणि वाक्य ‘वी आर वेटिंग फॉर द बस’ असतं, तर ‘द बस इज बीइंग वेटेड फॉर’ व्याकरणात बसलं असतं, पण पीएमपीच्या थांब्यावर उभा असलेला माणूस ते ‘वी आर वेटिंग फॉर द बस’ असंच म्हणेल.